मामंजींच्या हातचं घर

आमच्या मामंजींच्या हातून आयुष्यात एकही खिळा सरळ गेला नाही, आणि त्याचा दोष त्यांनी कायम खिळ्याला दिला. "हल्लीच्या खिळ्यांत दम नाही," असं म्हणत ते वाकडा खिळा पकडीने उपटत, अंगणातल्या दगडावर ठेवून ठोकून सरळ करत आणि पुन्हा त्याच भोकात घालत. दुसऱ्यांदाही तो वाकडाच जाई. मग भिंतीचा दोष निघे. मुलुंडच्या त्या घरात मी सून म्हणून आले तेव्हा एकोणीस वर्षांची होते. सासुरवासाच्या गोष्टी ऐकून घाबरत आले होते. आठ दिवसांत कळलं की सासूबाई गरीब गाय आहेत, नणंद कोणी नाही, आणि या घरात सासुरवास आहे तो सासऱ्यांच्या हातोडीचा.

मामंजी एका विमा कचेरीत हेडक्लार्क होते. निवृत्त झाल्यावर हाती आलेल्या पैशांतून त्यांनी मुलुंडला, स्टेशनपासून पंधरा मिनिटांवर, जमिनीचा तुकडा घेऊन घर बांधलं. तेव्हा तिकडे भातखाचरं होती आणि मधे मधे चार-दोन घरं. दोन खोल्या, स्वयंपाकघर, ओसरी, वर मंगलोरी कौलं, मागच्या अंगणात विहीर. कंत्राटदाराने जेवढं बांधलं तेवढं सरळ होतं. तो गेल्यावर मामंजींनी घर हातात घेतलं.

माझ्या गृहप्रवेशाच्या आधी आठ दिवस त्यांनी उंबरा चार बोटं उंच केला होता. उंबऱ्यावर तांदळाचं माप ठेवलेलं, सगळे आत डोळे लावून उभे, आणि मी अंगठ्याने हलकेच धक्का दिला तर ते आत लवंडायच्या ऐवजी बाहेर माझ्याच पायांवर पडलं. बायकांमध्ये कुजबुज झाली. सासूबाई शांतपणे म्हणाल्या, "भरा पुन्हा." तेवढ्यात गर्दीच्या मागून एक आवाज आला, "उतार मुद्दाम बाहेरच्या बाजूला दिलाय. पाणी आत येऊ नये म्हणून. माप जरा आतल्या अंगाला ठेवायचं." मामंजींच्या तोंडून मी ऐकलेलं हे पहिलं वाक्य. माप तीन वेळा भरावं लागलं.

त्या उंबऱ्यापर्यंत पाणी कधीच आलं नाही. पाणी यायचं ते मोरीतून. मोरीची फरशी मामंजींनी स्वतः बसवली होती आणि तिचा उतार स्वयंपाकघराकडे होता. कोणी आंघोळीला बसलं की आम्ही दोघी पाट, परात, पोळपाट उचलून घ्यायच्या तयारीत. सासूबाईंनी एक जुना गोणपाट गुंडाळून मोरीच्या तोंडाशी बांध घातला होता आणि तो रोज उन्हात वाळत टाकायचा हे घरातलं नेमाचं काम होतं. मी एकदा धीर करून म्हटलं, "मामंजी, पाणी आत येतं." त्यांनी वाकून बराच वेळ त्या पाण्याकडे पाहिलं. "नवीन वाट आहे. पाण्याला अंगवळणी पडायला वेळ लागतो, सूनबाई." मोरी होऊन तेव्हा दोन वर्षं झाली होती.

त्यांचा दुसरा आवडता शब्द 'तात्पुरतं.' स्वयंपाकघरातली फळी एका बाजूला ब्रॅकेटवर आणि दुसऱ्या बाजूला सुंभाने बांधलेली होती, तात्पुरती. फळी डावीकडे कलायची, म्हणून सासूबाईंनी उजवीकडे तेलाची बरणी आणि डावीकडे पोह्यांचा रिकामा डबा अशी मांडणी बसवली होती. पाहुण्या बाईने मदत करायला म्हणून एक डबा जरी उचलला, तरी आम्ही दोघी एकदम धावायचो. पाहुणीला वाटे, या सासू-सुना काय वेड्या आहेत का.

अंगणाच्या फाटकाची तर कथाच वेगळी. फाटक उघडं राहतं आणि गाई आत येतात, म्हणून मामंजींनी त्याला दोरी, कप्पी आणि खाली एक वजन असं यंत्र बसवलं. माणूस आत शिरला की फाटक आपोआप बंद व्हावं हा हेतू. ते बंद व्हायचं, पण माणूस पुरता आत यायच्या आधीच, आणि पाठीत सणसणीत बसायचं. आमचे हे सकाळी ऑफिसला निघताना आधी वजन काढून ठेवत, बाहेर पडत, मग हात आत घालून पुन्हा अडकवत. पोस्टमनने तर आत यायचंच सोडलं. "आजोबा, तुमचं पत्र," असं रस्त्यावरूनच ओरडायचा. मामंजी म्हणत, "या पोस्टमनला चालायचा कंटाळा आहे." मी यांच्याकडे तक्रार केली तर हे म्हणाले, "बाबांना बोलून उपयोग नाही. तू सवय करून घे." पाण्यालाही तेच, मलाही तेच.

सवय सगळ्याची झाली असती. धुराची होईना.

स्वयंपाकघराला कंत्राटदाराने एक खिडकी ठेवली होती. मामंजींनी ती बुजवून तिचं कपाट केलं. "खिडकीतून काय, नुसता वारा येतो. कपाटात वस्तू राहतात." चूल लाकडांची. धूर कौलांच्या फटींतून जाईल तेवढा जाई, बाकीचा आमच्या डोळ्यांत. पेणहून माझा भाऊ भेटायला आला तेव्हा मी पोळ्या करून बाहेर आले, डोळे लालबुंद, नाक ओढत. तो माझ्या डोळ्यांकडे बघत जेवला. जाताना फाटकाशी मला बाजूला घेऊन हळूच म्हणाला, "ताई, खरं सांग. तुला इथे त्रास आहे का? घरी येतेस का?" मी म्हटलं, "अरे, धूर आहे." त्याचा विश्वास बसला नाही. पुढे महिनाभर आईची काळजीची पत्रं येत होती.

त्यातच सासूबाईंना खोकला लागला. डॉक्टरांनी छातीला नळी लावून विचारलं, "चुलीशी किती वेळ बसता?" आणि धुराची सोय करा म्हणाले. तेव्हा मी सगळी भीड सोडून मामंजींच्या समोर जाऊन उभी राहिले. "मामंजी, स्वयंपाकघरात खिडकी हवी. आणि धुराडं."

ते रागावले असते तर बरं झालं असतं. ते खूश झाले. आजवर घरात त्यांना कोणी काही करायला सांगितलंच नव्हतं. लगेच फूटपट्टी आली, लग्नपत्रिकांच्या कोऱ्या पाठी आल्या, आणि नकाशे सुरू झाले. पहिल्या नकाशात धुराड्यावर वाऱ्याबरोबर फिरणारी टोपी होती. दुसऱ्यात दोन धुराडी होती, एक उन्हाळ्याचं आणि एक पावसाळ्याचं. तिसऱ्यात कपाट राखून खिडकी करायची युक्ती होती. मी रोज विचारायची, "मामंजी, कधी सुरू करायचं?" ते म्हणायचे, "काम आधी डोक्यात बांधायचं, सूनबाई. मग हाताने." दीड वर्ष ते काम डोक्यात बांधत होते. सासूबाई पदर तोंडाला लावून खोकत होत्या.

मग मामंजी पुतण्याच्या मुलाच्या मुंजीला पाच दिवस अलिबागला गेले. सासूबाईंना खोकल्यामुळे जाता आलं नाही. ते गेले त्याच दिवशी मी यांना म्हटलं, "मी गवंडी बोलावते आहे." हे वर्तमानपत्रातून मान वर न करता म्हणाले, "मला काही माहीत नाही." म्हणजे हरकत नव्हती. कांजूरमार्गहून एक गवंडी आला. त्याने कपाट काढलं, खिडकी मोकळी केली, तिला झडपा बसवल्या, चुलीवर धुराडं उभं केलं. दोन दिवसांत सगळं झालं. सासूबाई ओसरीवर बसून बघत होत्या. 'कर' म्हणाल्या नाहीत, 'नको'ही म्हणाल्या नाहीत. तिसऱ्या दिवशी मी चूल पेटवली आणि धूर वर निघून गेला. मला स्वयंपाकघराच्या कोपऱ्यातली जळमटं पहिल्यांदा दिसली.

मामंजी परत आले ते संध्याकाळी. पाय धुवायच्या आधीच स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभे राहिले, बहुधा बाहेरूनच धुराडं दिसलं असेल. खिडकीपाशी जाऊन त्यांनी कडेवरून हात फिरवला. एक डोळा मिटून चौकटीकडे पाहिलं.

"ओळंबा कोणी धरला होता?"

"गवंड्याने," मी म्हटलं.

"चांगला धरलाय."

मग त्यांनी पिशवी उघडली आणि कागदात गुंडाळलेलं काहीतरी काढून खिडकीच्या कट्ट्यावर ठेवलं. पितळी बिजागऱ्यांची जोडी होती, जुनी, घासूनपुसून लख्ख केलेली. अलिबागच्या घरातलं एक दार काढलं होतं, त्याच्या या बिजागऱ्या त्यांनी मागून घेतल्या होत्या. माझ्या खिडकीसाठी. ते पाय धुवायला गेले.

त्या दिवसापासून घरात हातोडीचा आवाज थांबला. हत्यारांची पेटी खाटेखाली गेली. मामंजी सकाळी वर्तमानपत्र घेऊन ओसरीवर बसत, ते जेवायला हाक मारेपर्यंत. मला आनंद व्हायला हवा होता. पहिले दोन आठवडे झालाही. घरात शांतता होती, सासूबाईंचा खोकला उतरला होता, डोळे स्वच्छ होते. पण मामंजी माझ्याशी अहो-जाहो करून बोलायला लागले. आजवर 'सूनबाई, पाणी दे' म्हणणारे मामंजी 'पाणी देता का' म्हणू लागले. मी मुद्दाम एक दिवस म्हटलं, "मामंजी, दारामागे खुंटी हवी होती एक." ते म्हणाले, "गवंड्याचा हात चांगला आहे. त्याला सांगा."

मला रडूही आलं आणि रागही आला. दीड वर्ष धूर खाल्ला मी, आणि अपराधीही मीच. दुपारी तांदूळ निवडताना मी सासूबाईंना तसं बोलून दाखवलं.

त्या म्हणाल्या, "खिडकी केलीस ते बरं केलंस. माझ्या छातीला विचार. पण सुमती, आम्ही गिरगावात एका खोलीत सव्वीस वर्षं काढली. घरमालकाचा नियम होता, भिंतीला खिळा मारायचा नाही. एकही नाही. कॅलेंडर आम्ही खिडकीच्या गजाला बांधायचो. माझ्या सासऱ्यांची तसबीर कपाटावर भिंतीला टेकून ठेवलेली, दरवर्षी एकदा पडायची. हे एकदा गुपचूप खिळा मारायला गेले तर मालक वर आला आणि सगळ्या बिऱ्हाडांसमोर यांना बोलला. हे हेडक्लार्क माणूस. मान खाली घालून उभे." त्यांनी सुपातला एक खडा बाजूला टाकला. "इथे राहायला आलो त्या दिवशी यांनी पहिलं काय केलं माहीत आहे? सामान सोडायच्या आधी भिंतीत खिळा ठोकला. मी विचारलं, याच्यावर काय टांगायचंय? म्हणाले, काही नाही."

मी तांदूळ निवडत राहिले. पण माझं चुकलं असं मला तेव्हाही वाटलं नाही, आजही वाटत नाही. खिडकी हवीच होती. त्यांचंही खरं होतं. एवढ्याशा घरात दोघांचं खरं घेऊन राहायचं म्हणजे काय, ते मला कळेना.

पुढे मला दिवस गेले. बाळंतपणाला मी पेणला माहेरी गेले आणि मुलगी तीन महिन्यांची झाल्यावर परत आले. दारात सासूबाईंनी भाकरतुकडा ओवाळून टाकला. आत येऊन बघते तर मधल्या खोलीत पाळणा टांगलेला, वर तुळईला जाडजूड लोखंडी कडी. सासूबाई म्हणाल्या, "घाल तिला. दमली असशील."

माझे हात मुलीभोवती आवळले गेले. मी वर कडीकडे बघत राहिले. त्या घरातली फळी, फाटक, मामंजींनी घातलेला, दोनदा कोसळलेला पडवळाचा मांडव, सगळं माझ्या डोळ्यांपुढून गेलं. मामंजी माझ्या तोंडाकडे बघत होते.

"सूनबाई," ते म्हणाले, "ती कडी मी लावलेली नाही. भांडुपचा सुतार आणला होता. दिवसभर त्याच्यासमोर बसून लावून घेतली. नंतर तांदळाचं पोतं टांगून रात्रभर ठेवलं होतं." मग ते हळू आवाजात म्हणाले, "माझा हात कसा आहे, ते मला माहीत आहे."

मी मुलीला पाळण्यात ठेवलं. पाळणा एकसारखा, जराही न कुरकुरता हलला. मी आणखी दोन झोके दिले. शेवटी म्हटलं, "मामंजी, मोरीचं पाणी अजून आत येतंय. तिचा उतार तुम्हालाच बघावा लागेल. दुसऱ्या कोणाला तो कळायचा नाही."

ते 'बघू' म्हणाले. दुपारी मुलगी जेमतेम झोपली होती, आणि मोरीतून छिन्नीचे घाव ऐकू आले. मुलगी दचकून रडायला लागली. मी कपाळावर हात मारला, आणि सासूबाई बऱ्याच दिवसांनी हसल्या. चार दिवस मोरी बंद होती, आम्ही आंघोळी विहिरीवर उरकल्या. त्यानंतर मोरीतलं पाणी आतही येईना आणि बाहेरही जाईना. मधोमध साचून राहायचं. ते खराट्याने लोटायला लागे. "आता निम्मं काम झालं," मामंजी म्हणाले. ते निम्मं तसंच राहिलं.

त्यांनी शेवटचं काम केलं ते माझ्यासाठीच. दुपट्यांचं धुणं वाकून वाकून माझी पाठ धरायची. मी ते सासूबाईंना सांगत होते, ते मामंजींच्या कानावर गेलं. उभ्याने धुता येईल असा कट्टा त्यांनी विहिरीजवळ बांधायला घेतला. सिमेंट तेव्हा परमिटवर मिळायचं. कचेरीतल्या जुन्या ओळखी काढून त्यांनी ते मिळवलं. खाली नात खेळणार, काही पडता कामा नये, म्हणून त्यात त्यांनी मोडक्या खाटेचे गज घातले, जात्याची तळी घातली, विहिरीची जुनी साखळीसुद्धा घातली. या खेपेला नकाशा काढला नाही. एकच अडचण होती. कट्टा किती उंच हवा हे सुनेला विचारायचं कसं, तिच्या अंगाला माप कसं लावायचं? मग त्यांनी वर्तमानपत्राआडून अंदाज घेतला.

कट्टा माझ्या छातीला लागला. त्यावर धुवायचं तर मला पाटावर उभं राहावं लागे, आणि ओल्या पाटावरून पाय घसरे. मी वैतागून म्हटलं, "मामंजी, फार उंच झाला." ते कट्ट्याकडे बघत, मग माझ्याकडे बघत राहिले, फसवणूक झाल्यासारखे. "मला वाटलं होतं..." एवढंच म्हणाले. रात्री ताटं घेताना सासूबाई मला म्हणाल्या, "त्यांना तू उंच वाटतेस." मी धुणं पुन्हा खाली दगडावर सुरू केलं, ते झोपलेले असताना. ते जागे असले की दोन दुपटी कट्ट्यावर आपटायची.

त्यानंतर दोन वर्षांनी थंडीच्या दिवसांत मामंजी गेले. ताप छातीत उतरला आणि पाचव्या दिवशी सगळं संपलं. बाराव्या-तेराव्याला आलेली माणसं फाटकातून एकेक करून पाठ चोळत आत येत होती, आणि सासूबाई ते वजन काढू देत नव्हत्या.

पुढच्या वर्षी आमच्या रस्त्याला म्युनिसिपालिटीचा नळ आला. पाइप रस्त्यापासून मागच्या दारापर्यंत सरळ आणायचा तर मधे तो कट्टा होता. तसाही तो कोणी वापरत नव्हतं. आमच्या यांनी तो पाडायला दोन गडी आणले. पहिल्या दिवशी त्याचा एक कोपरा तेवढा उडाला. दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत पहारेचं टोक बोथट झालं. आतून गज निघाले, साखळी निघाली, जात्याचा दगड दिसायला लागला, पण कट्टा जागचा हलेना. मालवणकडचा एक म्हातारा गडी घाम पुसत मला म्हणाला, "वैनी, ह्यां कोणी बांधल्यान? कंत्राटदार कोण तुमचो?"

मी काही बोलायच्या आत सासूबाई मागच्या पायरीवरून म्हणाल्या, "कंत्राटदार नाही. घरातच केलंय. आमच्याकडच्यांनी." मामंजींच्या कुठल्या कामाचं नाव त्यांनी असं मोठ्याने घेतलेलं मी कधी ऐकलं नव्हतं. मग त्या यांना म्हणाल्या, "राहू दे तो. पाइप वळसा घालून घ्या."

"आई, वळशात पाण्याचा जोर कमी होईल," हे म्हणाले.

"होऊ दे. बादली सावकाश भरेल."

तसंच झालं. पाइप कट्ट्याला वळसा घालून आला आणि नळ कट्ट्याजवळच्या नको त्या कोपऱ्यात बसला, जिथे बादली धड ठेवताही येत नसे. ती भरायला दहा-दहा मिनिटं लागत. रोज सकाळी घरात सतरा कामं पडलेली असताना मी तिथे ताटकळत उभी राहायची, आणि मनातल्या मनात मामंजींना बोल लावायची. उभं राहून राहून पाठीला रग लागली की मागे कट्ट्याला टेकायची. टेकायला त्याची उंची अगदी बरोबर होती.